मागची गाडी दिसेपर्यंत

“बाबा, तू प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे काय बघतोस? कुणी पाठलाग करतंय का तुझा?”

प्रश्न भिंगरीच्या तोंडून बाहेर पडला, पण तो तिचा नव्हता. तो तिच्या मैत्रिणींचा, ठिणगीचा आणि घुबडचा होता. शाळेच्या फाटकापाशी बुटाची नाडी बांधता बांधता ठिणगी म्हणाली होती, “तुझा बाबा चालायला लागला ना, की मला वाटतं याने कुणाचं तरी कुत्रं पळवलंय.” त्यावर घुबडने चष्मा नाकावर ढकलून शांतपणे भर घातली, “पळवलंय, पण कुत्रं मागेच राहिलंय. म्हणून बघतो बिचारा.” मग दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या, आणि हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “विचार की मग त्यालाच. आत्ता, आमच्यासमोर. बघू हिंमत.” हिंमत हा शब्द अलीकडे भिंगरीसमोर काढायची सोय राहिली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या आधी घसा साफ करत बसायची, तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. मग शाळेच्या नाटकात राजा होणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली आणि उंची जुळते एवढ्या एकाच गुणावर हिला मिशी चिकटवून उभं केलं. भर दरबारात मिशी सुटून हनुवटीवर लोंबायला लागली. सगळं सभागृह खदखदलं. हिने ती मिशी ओढून काढली, प्रधानाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “प्रधानजी, धुऊन आणा.” त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या अजून तिच्या कानांत होत्या. लोक हसले म्हणून माणूस मरत नाही, हा शोध तिला त्या संध्याकाळी लागला, आणि तेव्हापासून ती भेटेल त्याला काहीही विचारत सुटली होती.

बाबा कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी उभा होता. त्याच्या हातात ती नेहमीची खोक्यांची पिशवी होती. दातांच्या डॉक्टरांना तयार कवळ्या पोचवून यायचं त्याचं काम शाळेच्याच रस्त्यावर असे, म्हणून बरेचदा घरी परतताना तो बरोबर असायचा. बरोबर म्हणजे पुढे. मुलींना बोलता यावं म्हणून तो आपणहून पुढे निघून जायचा, आणि वळण आलं की थांबून अर्धा मागे वळायचा. तिघी दिसल्या की पुन्हा चालू. इतकी वर्षं भिंगरीच्या लेखी हे त्याच्या टकलासारखं होतं, त्याच्याबरोबर आलेलं. प्रश्न ऐकून तो जरा गोंधळला. मग, सूर्य कुठून उगवतो असं विचारल्यावर सांगावं तसं म्हणाला, “मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं असतं ना.” ठिणगीला हसू फुटलंच. “काका, आम्ही गाड्या आहोत?” घुबड म्हणाली, “मी रोडरोलर.” बाबाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो भिंगरीकडे पाहून हळूच म्हणाला, “लाज वाटते का गं तुला? मला कळलंच नाही. नाही थांबणार आता.” तो अगदी सहज बोलला, चहात साखर जास्त झाली तर उद्या कमी घालतो म्हणावं तसा. आणि पुढे चालायला लागला. भिंगरी ‘नाही रे’ म्हणणार होती, पण ठिणगीने तिच्या पाठीवर थाप मारली, “मानलं तुला,” आणि तिची मान ताठ झाली, आणि ते ‘नाही रे’ राहूनच गेलं. गिरणीच्या कोपऱ्यावर ती वळली तेव्हा ती बोलतच होती. वळली आणि समोरचा रस्ता रिकामा होता.

म्हणजे रस्त्यावर सगळं होतं. इस्त्रीचं दुकान होतं, सायकल उलटी करून तिची साखळी बसवणारा माणूस होता, गॅलरीतून गादी झटकणारी बाई होती. फक्त जिथे बाबाने असायचं तिथे हवा होती. तो पुढच्या वळणाआड गेला होता, दिलेल्या शब्दाप्रमाणे न थांबता. जिना संपलाय हे न कळून आणखी एक पायरी उतरायला जावं, तसं तिचं पाऊल चुकलं. एवढीशी गोष्ट. सोळा वर्षांची घोडी, घर हाकेच्या अंतरावर, आणि बाप दिसत नाही म्हणून पाय अडखळतात? तिने मनातल्या मनात स्वतःला चांगलं झापलं. पण डोळे त्या रिकाम्या जागेवरून हलेनात. लहानपणी बाजारात, जत्रेसारख्या गर्दीच्या बसथांब्यावर, दवाखान्याच्या एकसारख्या दारांच्या बोळात ती कधीच हरवली नव्हती. मैत्रिणी हरवल्याच्या गोष्टी रंगवून सांगायच्या तेव्हा तिला हेवा वाटायचा. आता तिला वाटलं, आपण हुशार होतो म्हणून हरवलो नाही असं नव्हतं तर. प्रत्येक वळणावर एक माणूस अर्धा वळून उभा होता. आपण त्याच्याकडे कधी पाहिलंसुद्धा नाही, आणि आज पहिल्यांदा पाहिलं ते तो नव्हता तेव्हा.

खरी टोचणी वेगळीच होती, आणि ती सीटची होती. सुट्टी लागली की आई डोंगरात जाणार होती. हा डोंगर म्हणजे सहलीचा डोंगर नव्हे. दोन देशांच्या मधला, जिथे नदीचं पात्र हाच रस्ता असतो, जिथे दगडावर रंगाचा पट्टा मारला की त्याला सरहद्द म्हणतात आणि चौकीवरचा शिपाई दिवसाकाठी एखादं माणूस पाहतो. भिंगरीच्या जन्माच्या आधी आईने तिथून गाडी नेली होती. तीन गाड्यांचा तांडा होता: सगळ्यात पुढे कप्तान, मध्ये आई, शेवटी बाबा. कप्तान म्हणजे तोफ डागणारा नव्हे. तो एक निवृत्त मोजणीदार होता, त्याने आयुष्यभर तिपाईवर दुर्बीण लावून जमिनी मोजल्या होत्या, आणि गाड्यांच्या वेडापायी लोक त्याला कप्तान म्हणत. आता तो पुन्हा निघाला होता. “गुडघे गेले की जाता येणार नाही, आणि गुडघे निघालेत,” असं म्हणत त्याने आईला विचारलं. या खेपेला दोनच गाड्या. कप्तानाची, आणि मागून आईची ती जुनी डबडी. डबडीत सीटा दोन. पाठीमागे डिझेलचे डबे, जादा चाकं, तंबू, स्टोव्ह, पाण्याच्या टाक्या. मांजरालाही पाय दुमडून बसावं लागेल. महिन्यापूर्वी जेवताना बाबा पोळी मोडत म्हणाला होता, “भिंगरीला घेऊन जा तू. माझ्या कवळ्या अडून राहतील, लोक काय हिरड्यांनी चावणार?” आई त्याच्याकडे नुसती बघत राहिली होती. आणि भिंगरी? भिंगरी खुर्चीवर उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं, बसमध्ये सांगितलं, पोहायला शिकवणाऱ्या बाईंना पाण्यातून डोकं वर काढून सांगितलं. त्या सगळ्या गडबडीत, ती सीट आधी कुणाची तरी होती हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

डबडी गोदामांच्या रांगेत एका भाड्याच्या शेडमध्ये उभी असे. दप्तर घरी टाकून भिंगरी तडक तिथे गेली. आई गाडीखाली होती, बाहेर फक्त पाय. आई ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या शिकवणीच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक होते, त्यामुळे घरातही ती सोफ्यावर बसल्या बसल्या पाय दाबायची, विशेषतः भिंगरी फोनवर बोलायला लागली की. “कोण ते? बारा नंबरचा पाना दे,” पाय म्हणाले. भिंगरीने पाना दिला आणि गाडीत चढून शेजारच्या सीटवर बसली. आपल्या सीटवर. रेक्झिन नवीन होतं. तेही बाबानेच शिवून घेतलेलं. पाठीशी एक गोल उशी होती, कारण भिंगरीची पाठ लगेच भरून येते. दारातल्या कप्प्यात आल्याच्या गोळ्यांची बाटली, कारण घाटात हिला मळमळतं. टपाखालच्या जाळीला एक टोपी अडकवलेली, तिच्याच मापाची. ती एकेका वस्तूला हात लावत गेली आणि प्रत्येक वस्तूमागून बाबाचा चेहरा असा अर्धा वळून बघत होता. मग तिचं लक्ष बाहेरच्या आरशाकडे गेलं. लहान असताना तिला वाटायचं की या गाडीला हिरड्या आहेत. कारण आरशाचा दांडा जिथे दाराला जोडलेला होता तिथे एक गुलाबी गुळगुळीत गोळा होता, अगदी कवळीच्या हिरडीसारखा. ती तो गोळा जिभेने चाटून बघायची आणि मार खायची. बालवाडीत तिने गाडीचं चित्र काढून तिला दातही काढले होते, आणि बाईंनी आईला भेटायला बोलावलं होतं.

“आई, मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं असतं म्हणजे काय?”

पाय हलायचे थांबले. मग आई सरपटत बाहेर आली, कपाळावर ग्रीसचा पट्टा घेऊन. “तुला कुणी सांगितलं?” तिने विचारलं, आणि भिंगरीने सगळं सांगून टाकलं: पैज, कुत्रं, रोडरोलर, लाल कान, रिकामा रस्ता. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज थोडा चिरकला आणि तिने ते खोकल्यावर ढकललं. आई चाकाला टेकून बसली, हात पुसत राहिली, बराच वेळ एकच बोट. “तांड्याचा तो एक नियमच असतो,” ती म्हणाली. “पुढच्याने मागच्याला सांभाळायचं. मागच्याने पुढे बघून घाई करायची नाही. आरशात मागची गाडी दिसत राहिली पाहिजे, आणि रस्ता फुटला तर ती दिसेपर्यंत हलायचं नाही. कारण तिकडे डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळलीस तर पुढच्या गावाला नाही पोचत, दुसऱ्या देशात पोचतेस. मग बस समजावत.” बाबा कसा काय आला त्या तांड्यात, हे भिंगरीला माहीत होतं, घरातला जुना विनोद होता तो: कप्तानाची कवळी बाबाने केलेली, आणि कप्तानाला एकच धास्ती, की शंभर कोसांत माणूस नाही अशा जागी कवळी फुटली तर? म्हणून त्याने कवळीबरोबर कवळीवालाच उचलला. शेवटची गाडी चालवायला दिली. आणि कवळी फुटलीच, तिसऱ्याच मुक्कामाला, अक्रोडावर. पण पुढचं आईने कधी सांगितलं नव्हतं, का सांगितलं होतं आणि आपणच ऐकलं नव्हतं?

“एका घसरणीवर वरून दगड आला आणि माझा आरसा तुटला,” आई म्हणाली. “मागचं काही दिसेना. मग काय करणार, प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, रस्त्यात उभं राहायचं. धुळीतून तुझ्या बाबाची गाडी आली की पुन्हा चढायचं. वारा असा की कानाची पाळी आहे की गेली ते चाचपून बघावं लागे. आणि तो तेव्हा माझा कुणी नव्हता हं. मी त्याला मनातून शिव्या घालत होते. म्हटलं, दातवाला तो दातवाला, याला गाडी कुणी दिली!” सरहद्दीच्या दगडापाशी रस्ता फुटत होता. कप्तान पुढे निघून गेलेला. आई उतरून उभी राहिली, आणि मागून कुणी येईना. बाबाची गाडी ओढ्यात बंद पडली होती, पण हे तिला कसं कळणार? चौकीतला शिपाई येऊन म्हणाला, इथे उभं राहता येत नाही. ती म्हणाली, मागची गाडी दिसली की निघते. तो परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, या वेळी चहाचा मग घेऊन. मग पुढून कप्तान उलट फिरून आला, वैतागलेला: उजेड जाईल, चल, तो येईल मागून. ती म्हणाली, तो उजवीकडे जाईल. “कशावरून?” भिंगरीने विचारलं. “दिसतंच तसं त्याच्याकडे बघून,” आई हसली. “आणि खरंच गेला असता. त्याने स्वतः कबूल केलं नंतर. उजवा रस्ता रुंद होता ना.” शेवटी धूळ दिसली. त्या मुक्कामावर बाबाने कप्तानाच्या कवळीसाठी आणलेली पावडर आणि रसायन कालवलं, तो गुलाबी गोळा थापला आणि आरसा बसवून दिला. सकाळी आरसा लख्ख. सगळं दिसत होतं.

“मग?”

“मग काही नाही. मी पुन्हा वळणावर उतरून उभी राहिले. तो आला, काच खाली करून म्हणाला, आरसा बसवलाय ना, नीट नाही बसला का?” आईने हातातलं फडकं उगाचच झटकलं. “मी म्हटलं, बसलाय नीट. पण आरशात तुम्ही फारच लहान दिसता.”

शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. भिंगरीला वाटलं की आपण एखाद्या खोलीत दार न वाजवता शिरलोय. समोर बसलेली ही बाई, कपाळावर ग्रीस, एका पायात सँडल आणि दुसऱ्या पायातली गाडीखाली राहिलेली, ही कधीतरी कुणालातरी ‘तुम्ही’ म्हणत होती, आणि वाऱ्यात उभी राहत होती, गरज नसताना. “घरी आल्यावर त्याने ती सवय उचलली,” आई म्हणाली. “आधी माझ्यासाठी थांबायचा. मग तू चालायला लागलीस.” एवढं बोलून ती परत गाडीखाली गेली. आतून म्हणाली, “रागावला नसेल तो. त्याला राग यायला दोन दिवस लागतात, तोवर तो विसरतो.” भिंगरी त्या सीटवर बसून राहिली. नवं रेक्झिन मांडीला चिकटत होतं. आरसा ड्रायव्हरच्या बाजूला झुकवलेला, तिला त्यात मागचं काही दिसत नव्हतं, फक्त स्वतःचा एक कान. या आरशाने बघणार कुणाला? मागे कुणीच नसेल. मागचा माणूस घरी बसून अनोळखी लोकांच्या दातांची मापं जुळवत असेल, खिडकीशी, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत, आणि संध्याकाळी कवळ्या पोचवून एकटा परत येताना कोपऱ्यावर थांबेल. किंवा थांबणार नाही. शब्द दिलाय त्याने. ती खाली उतरली. सीट सोडून द्यायची, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने प्रामाणिकपणे तो चावून बघितला. पण छे! जीव तुटत होता जायला. मोठ्या मनाची वगैरे मुलगी होऊन, डोळे पुसत हात हलवत राहायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं. आणि बाबा ते खपवून घेणार नव्हता. तो म्हणणार, लोक हिरड्यांनी चावतील का? मग आई दोघांकडे बघत राहणार. म्हणजे तीन माणसं आणि सीटा दोन. हे गणित ती घरी जाईपर्यंत, जेवताना, अंघोळ करताना, भूगोलाच्या तासाला सोडवत राहिली. फळ्यावर बाईंनी पर्वतरांगेची तपकिरी रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या पुढच्या टोकाला भिंगरीला अचानक एक गाडी दिसली. अरे, आपण मूर्ख आहोत की काय? गाड्या दोन आहेत.

शनिवारी कप्तान कवळी दुरुस्तीला आला. बाबाच्या कामाच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि रसायनाचा तो वास होता ज्याला भिंगरी झोपेतही बाबाचा वास म्हणाली असती. बाबाने कप्तानाच्या तोंडात मापाचा लगदा बसवला, “हलू नका, घट्ट होऊ दे,” असं बजावून तो आत ट्रिमरवर प्लास्टरचा ठोकळा घासायला गेला. यंत्राची घरघर सुरू झाली. भिंगरी स्टूल ओढून समोर बसली. हाच तो मुहूर्त. माणसाला बोलता येत नाही तेव्हाच तो नीट ऐकतो. “कप्तानकाका,” ती म्हणाली, “तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसतं?” “अँ अँ,” कप्तान म्हणाला. “ट्रंक,” भिंगरीनेच उत्तर दिलं. “मला माहितीये. ट्रंक टपावर बांधली तर?” कप्तानाच्या भुवया वर गेल्या. “मी बसेन तिथे. मला नकाशा वाचता येतो, मला आता ओकारीसुद्धा कमी होते, आणि मी बडबड करते, म्हणजे तुम्हांला झोप येणार नाही. बाबा आईच्या गाडीत बसेल. त्याची सीट त्याला परत.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “त्याला माहीत नाहीये.” कप्तान हलू शकत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं होतं की लगद्याचं हे सांगता आलं नसतं. त्याने अंगठा वर केला. मग विचार करून दुसराही केला. बाबाने माप काढल्यावर चूळ भरून तो मोठ्याने म्हणाला, “तुझी पोरगी धोकादायक आहे रे,” आणि बाबा नेहमीसारखा म्हणाला, “हो ना.” जाताना दारात कप्तान वाकून भिंगरीच्या कानाशी म्हणाला, “माझ्या गाडीत बसणाऱ्याला काम एकच. पुढचं मी बघतो. त्याने मागे बघायचं. जमेल? आणि घरी सांगायचं ते तुझं तू. मी त्या बाईच्या पान्याच्या टप्प्यात येणार नाही.”

रविवारी तिघं शेडमधून परत येत होते. डबडी एकदाची सुरू झाली होती, त्यामुळे आई शिट्टी वाजवत होती. बाबाच्या हातात रिकामा डबा होता. तो आज पुढे चालत नव्हता. त्या दिवसापासून तो पुढे चालायचाच नाही. न थांबता पुढे जाणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याने मागे राहण्याची युक्ती काढली होती, आणि कुणाला कळली नाही असं त्याला वाटत होतं. भिंगरी मध्येच पळत सुटली. “अगं, कुठे?” आई ओरडली. गिरणीचा कोपरा आला, ती वळली, आणि थांबली. रिकामा रस्ता आता तिच्या पाठीशी होता. इस्त्रीवाला विस्तवावर पाणी शिंपडत होता. ती वळणाच्या अगदी टोकाला, जिथून दोन्हीकडचं दिसतं तिथे, अर्धी वळून उभी राहिली. आणि मग ते आलं, ती भीती, पण उलट बाजूने: ते दिसेनात. कोपऱ्यामागे नुसती भिंत, भिंतीवर फाटकी जाहिरात. आईची शिट्टी थांबली होती. असं असतं होय हे. प्रत्येक वळणावर, प्रत्येक दिवशी, तो एवढा वेळ ही भीती घेऊन उभा राहायचा, आणि आम्ही हसायचो. मग आधी रिकामा डबा दिसला, मग बाबाचा हात, मग दोघं, एकमेकांशी काहीतरी हुज्जत घालत येणारी, ऊन तोंडावर आल्याने डोळे बारीक केलेली, आणि ती दोघं अजिबात लहान दिसत नव्हती.

बाबाने तिला बघितलं. कोपऱ्यावर अर्धी वळून उभी असलेली. तो चालता चालता थांबला आणि त्याचे कान लाल झाले.

“ऐका,” भिंगरी म्हणाली, आणि घसा साफ केला नाही. “माझं ठरलंय. मी डबडीतून येणार नाही. मी कप्तानकाकांच्या गाडीत बसणार. पुढच्या. त्यांच्याशी बोलणं झालंय, ट्रंक टपावर जाणार. बाबा, तुझी सीट तुझी तू घे, उशीसकट, आणि तुझ्या गिऱ्हाइकांना सांग की महिनाभर मऊ भात खा. आई, पाय दाबू नकोस, इथे ब्रेक नाहीये. तुम्ही दोघं सावकाश या. रस्ता फुटेल तिथे मी उतरून उभी राहीन, आणि तुमची गाडी दिसेपर्यंत हलणार नाही.”